पेन ड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना गाडी नेमकी कुठे अडते?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि, प्रोसेसर इंटेलचा असल्यास, साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले, स्क्रीन आणि कीबोर्ड अजून धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप अधांतरी राहिले आहेत. अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवणे हा माझ्या मते सर्वांत समंजस मार्ग आहे. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत, तिला किमान २ जीबी आणि सुखाने चालण्यासाठी ४ जीबी रॅम पुरते आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला तिची मांडणी परकी वाटत नाही. म्हणून पुढील विवेचनात मिंटचेच उदाहरण धरले आहे. विंडोज बसवताना जिथे वेगळे घडते तिथे तसे सांगितले आहे.

सगळे सुरळीत झाले तर हे काम तासाभराचे आहे. अडते तेव्हा मात्र नवखा माणूस बहुधा पेन ड्राइव्हला दोष देतो, तीच फाइल पुन्हा पुन्हा लिहितो, मग वैतागून बायोसमधल्या, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधल्या, चार सेटिंग एकदम बदलतो आणि त्यानंतर मूळ अडचण कोणती होती आणि आपण निर्माण केलेली कोणती, हेच कळेनासे होते. यावर उपाय एकच आहे. काम कोणत्या टप्प्यावर थांबले ते आधी ठरवावे आणि त्या टप्प्यापुरती एकच गोष्ट बदलून पुन्हा पाहावे. टप्पे ठरलेले आहेत: फाइल उतरवणे, ती पेन ड्राइव्हवर लिहिणे, यंत्राने पेन ड्राइव्ह ओळखणे, त्यावरून मिंट सुरू होणे, इन्स्टॉलरला आतली डिस्क सापडणे आणि शेवटी नवी प्रणाली डिस्कवरून सुरू होणे. आधीचा टप्पा पार पडला आहे याची खात्री असेल तर त्याला पुन्हा हात लावण्याचे कारण उरत नाही.

हात लावण्यापूर्वी

आपल्याकडे फोटो आणि कागदपत्रे ‘डी ड्राइव्हला ठेवली आहेत, म्हणजे सुरक्षित आहेत’ असा समज फार पक्का आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात आणि इन्स्टॉलरमध्ये ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला की दोन्ही एकदमच जातात. म्हणून बॅकअप यंत्राबाहेर, म्हणजे वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा दुसऱ्या संगणकावर घ्यावा आणि त्यातल्या दोन-चार फाइल उघडून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कूटबद्ध करण्याच्या, किल्लीशिवाय वाचता न येणारी करण्याच्या, विंडोजच्या सोयीची. काही लॅपटॉपमध्ये डिस्क आधीपासून कूटबद्ध असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अशा यंत्रात सिक्युअर बूटसारखी (फक्त मान्य स्वाक्षरी असलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी) सेटिंग बदलली की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहावे आणि असल्यास ही की आधीच कागदावर उतरवून ठेवावी. जुनी विंडोज ठेवून शेजारी मिंट बसवायचे असेल तर कूटबद्धीकरण पूर्णपणे बंद करून घेणे सर्वांत सोयीचे.

त्याच बैठकीत विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशन या खिडकीत ‘बायोस मोड’ या ओळीपुढे ‘यूईएफआय’ (यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत) लिहिले आहे की ‘लेगसी’ (जुनी पद्धत), ते टिपून घ्यावे. हा एक शब्द पुढे फार उपयोगी पडतो. बायोसमध्ये शिरल्यावर काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढावा. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा. संगणक टेबलावरचा असेल तर तो यूपीएसवर असावा, कारण डिस्कच्या भागांचा आकार बदलला जात असताना वीज गेली तर त्यातली माहिती सहीसलामत राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

फाइल आणि तिचे लेखन

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे सगळी प्रणाली एकत्र बांधलेली फाइल, त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. ती सुमारे ३ जीबीची असते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवताना मध्येच जोडणी तुटली तर पूर्ण दिसूनही आतून अपुरी असू शकते. यासाठी संकेतस्थळावर एसएचए-२५६ नावाची ६४ अक्षरांची बेरीज, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेली तिची ओळखखूण, दिलेली असते. आयएसओ पेन ड्राइव्हवर लिहिणाऱ्या, विंडोजवरील रूफस या छोट्या मोफत प्रोग्रॅममध्ये आयएसओ निवडली की शेजारी बरोबरची खूण असलेले एक बटण चालू होते. ते दाबल्यावर रूफस ही बेरीज काढून दाखवतो. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या असायला हव्यात, एकही अक्षर वेगळे निघाले तर फाइल टाकून द्यावी आणि पुन्हा उतरवावी. बहुतेक जण ही पायरी गाळतात, पण मी तिचा आग्रह धरतो. या दोन मिनिटांत पहिला टप्पा निर्विवादपणे पार पडतो आणि पुढे काहीही झाले तरी फाइलवर संशय घ्यावा लागत नाही.

पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा, नामांकित कंपनीचा आणि रिकामा करता येण्याजोगा असावा, कारण त्यावरचे सगळे पुसले जाते. अतिशय स्वस्तात मिळणारे, १ टीबी किंवा २ टीबी अशी क्षमता मिरवणारे पेन ड्राइव्ह अनेकदा बनावट असतात. त्यांची खरी क्षमता फारच कमी असते आणि त्यापलीकडे लिहिलेली माहिती निमूटपणे हरवते.

आयएसओ फाइल नेहमीप्रमाणे कॉपी करून पेन ड्राइव्हवर चिकटवली तर तो बूटेबल, म्हणजे यंत्र सुरू करू शकणारा, होत नाही. याला अपवाद व्हेंटॉयचा. व्हेंटॉय एकदा पेन ड्राइव्हवर बसवला की त्यावर हव्या तितक्या आयएसओ कॉपी करून ठेवता येतात आणि सुरू होताना यादीतून निवडता येतात. दर महिन्याला निरनिराळ्या यंत्रांवर काम करणाऱ्याला तो वरदान आहे. एकदाच बसवायचे असेल तर रूफस बरा, कारण अडचण आली तर शोधायचे दुवे कमी राहतात.

रूफसमध्ये पार्टिशन स्कीम (भाग पाडण्याची पद्धत) या रकान्यात जीपीटी निवडले की पेन ड्राइव्ह यूईएफआय यंत्रांसाठी तयार होतो. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘लेगसी’ दिसले असेल तर तिथे एमबीआर निवडावे. लेखन सुरू करताना रूफस ‘आयएसओ मोड’ आणि ‘डीडी मोड’ असे दोन पर्याय विचारतो. शिफारस केलेला आयएसओ मोड आधी वापरावा आणि तो पेन ड्राइव्ह सुरू होत नसेल तरच डीडी मोडकडे वळावे. डीडी मोडने लिहिल्यावर विंडोज लगेच ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशा अर्थाची सूचना दाखवू शकते. इथे ‘कॅन्सल’ दाबावे. नवख्यांचे कितीतरी पेन ड्राइव्ह याच क्षणी कोरे होतात, कारण सूचना इतकी अधिकारवाणीने येते की हात आपसूक फॉरमॅटकडे जातो. प्रत्यक्षात त्या पेन ड्राइव्हवरची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, एवढेच त्या सूचनेचे म्हणणे असते.

विंडोजची आयएसओ असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. तिच्यातली मुख्य फाइल बहुधा ४ जीबीपेक्षा मोठी असते आणि फॅट-३२ या मांडणीत तेवढी फाइल मावत नाही. रूफस आणि मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे मीडिया क्रिएशन टूल यातून आपापल्या परीने वाट काढतात. लिनक्ससाठी उत्तम असलेले बलेनाएचर हे लेखनाचे साधन मात्र विंडोजच्या आयएसओसाठी वापरू नये.

पेन ड्राइव्ह यादीत दिसतच नाही

यंत्र सुरू होताच एक ठरावीक कळ सारखी दाबत राहिल्यास बूट मेन्यू उघडतो. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ१२ असते, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एमएसआयवर एफ११. एसरवर एफ१२ चालते, पण अनेक मॉडेलमध्ये ती आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. लेनोव्होच्या काही लॅपटॉपला कडेला नोवो नावाचे बारीक छिद्र किंवा बटण असते, तेही हेच काम करते.

कळ दाबूनही यंत्र सरळ विंडोजमध्ये जात असेल तर बहुतेक वेळा फास्ट स्टार्टअप कारणीभूत असते. ते चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, तिचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी यंत्र इतक्या झपाट्याने उठते की कळ दाबायला अवसरच मिळत नाही. अशा वेळी विंडोजमध्ये शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करावे, निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय आला की तिथूनच पेन ड्राइव्ह निवडता येतो. फास्ट स्टार्टअप कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून कायमचे बंद करावे हे उत्तम, कारण ते पुढेही आडवे येते.

मेन्यू उघडला, पण त्यात पेन ड्राइव्ह नसेल, तर तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या एखाद्या संगणकाच्या बूट मेन्यूत पाहावा. तिथे दिसला तर लेखन ठीक आहे आणि दोष पहिल्या यंत्राच्या सेटिंगमध्ये किंवा पोर्टमध्ये आहे. तिथेही नाही दिसला तर पुन्हा लिहावा किंवा पेन ड्राइव्ह बदलावा. एवढ्या एका चाचणीने निम्मा गोंधळ मिटतो. पोर्ट बदलताना हब आणि एक्स्टेन्शनची वायर काढून टाकावी, टेबलावरच्या संगणकात मागच्या बाजूचे पोर्ट वापरावे आणि जुन्या यंत्रात निळ्या यूएसबी ३ ऐवजी काळ्या यूएसबी २ पोर्टला लावून पाहावे. बायोसमध्ये ‘यूएसबी बूट’ बंद केलेले नाही ना, तेही पाहून घ्यावे. जुन्या डेस्कटॉपवर प्रत्येक वेळी तारीख मागे जात असेल आणि बूटचा क्रम विसरला जात असेल तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही गोल बॅटरी संपलेली असते. ती बदलल्याशिवाय बायोसमधले बदल टिकणार नाहीत.

कधी कधी उलट घडते आणि एकच पेन ड्राइव्ह यादीत दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. इथे कोणताही निवडला तरी मिंट उघडते, म्हणून लोक पहिला दिसेल तो निवडतात. पण ज्या पद्धतीने पेन ड्राइव्ह सुरू झाला, त्याच पद्धतीने नवी प्रणाली बसते. विंडोज यूईएफआय पद्धतीची असेल आणि मिंट लेगसी पद्धतीने बसले तर दोघांना एका मेन्यूतून सुरू करणे जवळजवळ अशक्य होते. सुरुवातीला टिपलेला शब्द इथे कामी येतो: तो ‘यूईएफआय’ असेल तर यादीतही ‘यूईएफआय’ लावलेलीच नोंद निवडावी.

दिसतो, पण पुढे सरकत नाही

पडद्यावर ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ अशा अर्थाचा संदेश येऊन यंत्र थांबले तर सिक्युअर बूटने अडवले आहे. मिंटच्या पहिल्या बूट फाइलला मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असते, त्यामुळे सहसा सिक्युअर बूट चालू ठेवूनही काम होते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या विंडोजच्या एका अद्यतनाने मात्र जुन्या बूट फाइल बाद ठरवल्या आणि विंडोजच्या जोडीला लिनक्स असलेली अनेक यंत्रे ‘एसबॅट’ हा शब्द असलेला संदेश दाखवून बंद पडू लागली. जुनी, वर्षानुवर्षे जपून ठेवलेली आयएसओ वापरल्यास आजही हाच अनुभव येतो, म्हणून आधी ताजी आयएसओ उतरवावी. तरीही अडले तर सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे. एसरच्या अनेक लॅपटॉपवर हा पर्याय राखाडी दिसतो. बायोसमध्ये सुपरवायझर पासवर्ड ठेवला की तो बदलता येतो. तो पासवर्ड मात्र लिहून ठेवावा आणि काम झाल्यावर काढून टाकावा. व्हेंटॉय वापरणाऱ्यांना पहिल्याच वेळी त्याची किल्ली नोंदवण्याचा निळा पडदा दिसतो. ती नोंदणी एकदाच करावी लागते.

मिंटचा मेन्यू येतो, पहिला पर्याय निवडला की पडदा काळा पडतो आणि पंखा मात्र फिरत राहतो, हे लक्षण बहुधा ग्राफिक्स कार्डाचे, विशेषतः एनव्हिडियाचे असते. मेन्यूतला ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडावा. बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घेतला की अडचण मिटते.

‘स्क्वॉशएफएस एरर’च्या ओळींनी पडदा भरून जाणे हे निराळे लक्षण आहे. पेन ड्राइव्हवरची माहिती वाचताना चूक होत आहे, असा त्याचा अर्थ. आयएसओची बेरीज जुळवलेली असेल तर फाइल निर्दोष आहे, तेव्हा दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लिहून पाहावे. नव्या पेन ड्राइव्हवरही चुका येत असतील आणि दर वेळी निराळ्या जागी येत असतील, तर संशय रॅमवर घ्यावा आणि मेमटेस्ट या प्रोग्रॅमने रॅम तपासावी.

इन्स्टॉलरला डिस्क सापडत नाही

मिंट पेन ड्राइव्हवरून व्यवस्थित चालू झाले, वाय-फाय आणि आवाज तपासून झाला आणि ‘इन्स्टॉल’वर क्लिक केल्यावर यादीत फक्त पेन ड्राइव्हच दिसला, तर घाबरून डिस्क खराब झाली असे समजू नये. आधी बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. तिथेही नसेल तर मात्र दोष यंत्राचा आहे आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे लागेल. तिथे दिसत असेल तर डिस्कचा कंट्रोलर इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर ठेवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये हीच सेटिंग ‘रेड ऑन’ (RAID On) या नावाने कारखान्यातूनच चालू येते. लिनक्ससाठी ती एएचसीआय या साध्या पद्धतीवर न्यावी लागते.

विंडोज ठेवायची नसेल तर बायोसमध्ये सरळ एएचसीआय निवडावे. विंडोज ठेवायची असेल तर मात्र हा बदल थेट केल्यास ती निळा पडदा दाखवून सुरूच होत नाही. त्यासाठी क्रम पाळावा लागतो. विंडोजच्या सिस्टिम कॉन्फिगरेशन या खिडकीत बूट या टॅबवर ‘सेफ बूट’ची खूण करावी, यंत्र रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये शिरावे, एएचसीआय निवडून जतन करावे, विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यावे, म्हणजे ती योग्य ड्रायव्हर स्वतः उचलते, आणि मग ती खूण काढून नेहमीप्रमाणे रीस्टार्ट करावे. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन कधी कधी चालत नाही, म्हणून खात्याचा पूर्ण पासवर्ड माहीत असल्याशिवाय हे करू नये.

नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसवताना हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही व्यवस्था चालू असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला तिच्यामागची डिस्क दिसत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आरएसटीचा ड्रायव्हर घेऊन, तो झिपमधून बाहेर काढून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवावा. डिस्क दिसते, पण ‘डिस्क एमबीआर आहे, जीपीटी हवी’ असे विंडोजचा इन्स्टॉलर म्हणतो, तेव्हा पेन ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला असतो आणि डिस्क जुन्या पद्धतीची असते. डिस्कवरचे काहीच ठेवायचे नसेल तर सगळे भाग पुसून मोकळ्या जागेवर बसवावे. ठेवायचे असेल तर तिथेच थांबून आधी बॅकअप घ्यावा.

मिंटमध्ये ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा पर्याय गायब असेल तर बहुधा विंडोज गोठलेल्या अवस्थेत आहे, डिस्क कूटबद्ध आहे किंवा इन्स्टॉलर चुकीच्या पद्धतीने सुरू झाला आहे. सुरुवातीची तयारी ज्यांनी केली आहे त्यांना हे सहसा भेटत नाही. मोकळी जागा मिंटच्या इन्स्टॉलरकडून करवून घेण्यापेक्षा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधील ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण विंडोजच्या भागाची घडी विंडोजलाच नीट ठाऊक असते. किमान २० जीबी लागते, पण मिंट रोज वापरायचे असेल तर १०० जीबी द्यावी. भाग हाताने निवडत असाल तर ईएफआय हा काहीशे एमबीचा लहान भाग वापरावा, पण त्याच्यापुढे ‘फॉरमॅट’ची खूण कधीही करू नये, विंडोज सुरू करणारी फाइलही त्यातच असते.

कीबोर्ड निवडताना मराठी न निवडता इंग्रजी (अमेरिका) निवडावा. पासवर्ड त्याच कीबोर्डने टाइप होतो आणि मराठी मांडणीत टाइप केलेला पासवर्ड लॉगिनच्या पडद्यावर पुन्हा टाइप करता न येणे ही फार त्रासदायक गोष्ट आहे. मराठी कीबोर्ड नंतर सेटिंगमधून दोन क्लिकवर जोडता येतो.

बसले, पण सुरू होत नाही

यंत्र सरळ विंडोजमध्येच जात असेल तर मिंट बसलेले असते, फक्त बायोसच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या क्रमांकावर असतो. ‘उबंटू’ नावाची नोंद त्याच्या वर न्यावी. मिंट उबंटूवर बेतलेले असल्याने तिची नोंद त्याच नावाने होते. नोंदच नसेल, किंवा नंतर विंडोज पुन्हा बसवल्यामुळे ती गेली असेल, तर मिंटचा पेन ड्राइव्ह लावून, त्याच यूईएफआय पद्धतीने सुरू करून, मेन्यूतला बूट रिपेअर हा प्रोग्रॅम चालवावा आणि त्याने सुचवलेली दुरुस्ती मान्य करावी. दोन्ही प्रणाली नव्यानेच बसवायच्या असतील तर विंडोज आधी आणि मिंट नंतर, हा क्रम मोडू नये.

वाय-फाय चालत नसेल आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेटच नसेल, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. मिंट त्याला तारेच्या नेटवर्कसारखे ओळखते आणि ड्रायव्हर मॅनेजरला हवे ते मिळते. विंडोज ११ बसवताना इंटरनेटच्या पानावर अडकलेल्यांनीही हाच उपाय आधी करून पाहावा. तिथे काही फोनसाठी ड्रायव्हर लागू शकतो.

मिंट वापरून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर काहीही बिघडलेले नाही. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजते आणि दोहोंतला फरक नेमका तेवढा आहे. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमधील ‘सिंक नाउ’ने तो त्या वेळेपुरता सुधारतो.

बूट रिपेअरची गरज कधी पडेल ते सांगता येत नाही, म्हणून पेन ड्राइव्ह निदान पहिले काही आठवडे तसाच ठेवावा. पुढे तो नेहमीच्या कामासाठी मोकळा करताना त्याची क्षमता काहीच जीबी दिसली तर तो खराब झालेला नसतो. बूटेबल मांडणीमुळे उरलेली जागा विंडोजला दिसत नसते. रूफसमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडून स्टार्ट दाबले की पूर्ण क्षमता परत मिळते.